उन्हाळा सगळीकडे सारखा नसतो, मग निबंध आणि वेळापत्रक सारखे का?



मार्च सरत आला की मराठीच्या तासाला एक विषय हमखास फळ्यावर येतो, ‘उन्हाळा’. मग वह्यांमधून तोच सूर्य आग ओकू लागतो, पक्षी झाडाच्या सावलीला बसतात, मुलं मामाच्या गावाला जातात, आंबे खातात आणि शेवटी ‘म्हणून मला उन्हाळा खूप आवडतो’ असं लिहून वही मिटतात. गडचिरोलीच्या मुलाचा निबंध आणि गुहागरच्या मुलीचा निबंध शेजारी ठेवा. नाव झाकलं तर कोणता कुणाचा ते ओळखू येणार नाही. दोघांनीही एकाच गाईडमधला उन्हाळा उतरवून काढलेला असतो.

एवढ्यावरच थांबलं असतं तर हा फक्त मराठीच्या शिक्षकांचा प्रश्न राहिला असता. पण हाच ‘एकसारखा उन्हाळा’ आपल्या शाळेच्या घंटेतही आहे, परीक्षेच्या तारखांतही आहे आणि भिंतीवर चिकटवलेल्या ‘उष्माघात टाळा’च्या सूचनांतही आहे. या लेखात मला एवढंच सांगायचंय की, महाराष्ट्रात एक उन्हाळा नाही, चार-पाच उन्हाळे आहेत. प्रत्येकाशी जुळवून घेण्याची रीत वेगळी आहे. ती मुलांना कळली पाहिजे आणि वेळापत्रक आखणाऱ्यांनाही कळली पाहिजे.

ऊन वेगळं, उकाडा वेगळा

आपली भाषा याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. नागपूर-अकोल्याकडे लोक ‘ऊन तापतंय’, ‘झळा लागतात’ म्हणतात. रत्नागिरी-मुंबईकडे ‘उकडतंय’ म्हणतात. हे दोन शब्द दोन वेगवेगळ्या त्रासांची नावं आहेत.

आपलं शरीर स्वतःला थंड ठेवतं ते मुख्यतः घामाने. घाम त्वचेवर येतो, वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणजे घाम येणं महत्त्वाचं नाही, घाम वाळणं महत्त्वाचं. विदर्भात हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतसुद्धा नाही, आला की उडून जातो. त्यामुळे तिथे धोका असतो तो शरीरातलं पाणी आणि मीठ नकळत संपण्याचा. शिवाय त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. बाहेरची हवा ४४ अंश असेल तर वारा अंगाला थंड करत नाही, उलट तापवतो. त्यालाच आपण झळ म्हणतो.

कोकणात याच्या उलट. पारा ३३-३४ वरच असतो, पण हवेत आधीच एवढं बाष्प असतं की घाम वाळतच नाही, नुसता निथळत राहतो. माणूस भिजतो, पण थंड होत नाही.

विज्ञानाच्या शिक्षकांना हे एका तासात दाखवता येईल. दोन साधे थर्मामीटर वर्गात टांगा. एकाच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि दोन्हींना वहीने वारा घाला. एप्रिलच्या दुपारी चंद्रपूरच्या वर्गात या दोघांत १५ ते २० अंशांचा फरक पडेल. मालवणच्या वर्गात तो ५-६ अंशांवर अडेल. हा फरक म्हणजे घामाला मिळणारी संधी. माठातलं पाणी अकोल्यात गार होतं आणि दापोलीत तेवढं होत नाही, याचं उत्तर मुलांना इथेच सापडेल. नागपुरात घरोघरी कूलर का आणि मुंबईत तो कुणी का घेत नाही, तेही सापडेल.

प्रत्येक भागाची आपली रीत

विदर्भात उन्हाळ्याची तयारी होळीनंतर लगेच सुरू होते. कूलर खाली काढायचा, त्याच्या जुन्या ताट्या बदलायच्या, कुणी वाळ्याच्या ताट्या लावतं. घराबाहेर पडताना डोकं, कान, तोंड सगळं दुपट्ट्याने गुंडाळायचं. मुली स्कूटरवर डोळे तेवढे उघडे ठेवून जातात, ती फॅशन नाही, ते चिलखत आहे. दिवसा खिडक्या-दारं बंद, पडदे ओढलेले आणि रात्री सगळं उघडं. कैरीचं पन्हं, ताक, मठ्ठा. मे महिन्याच्या शेवटी सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तेव्हाचे नऊ दिवस, ज्यांना ‘नवतपा’ म्हणतात, ते जुनी माणसं मोजूनच काढतात. खिशात कांदा ठेवायचीही रीत आहे. खिशातल्या कांद्याने ऊन लागायचं थांबत नाही, पण तो ठेवायची आठवण झाली म्हणजे डोक्याला बांधायची आणि पाणी प्यायचीही आठवण होते, एवढा त्याचा उपयोग मी मान्य करीन.

खानदेशात, म्हणजे जळगाव-भुसावळ-धुळ्याकडे, ऊन विदर्भासारखंच कडक. तिथला शेतकरी केळीच्या बागेभोवती शेवरी लावतो, म्हणजे गरम वारा थेट पानांवर येत नाही. बागेला आडोसा लागतो हे ज्याला कळतं, त्याच्या मुलाला शाळेच्या मैदानावर आडोसा का लागतो हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जुनी धाब्याची घरं, जाड मातीच्या भिंती, दुपारी ओसरीवर शांतता आणि रात्री धाब्यावर अंथरूण, हे तिथलं जुनं वेळापत्रक.

मराठवाड्यात उन्हापेक्षा पाण्याची धास्ती मोठी. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. तेव्हा तिथे शिकणाऱ्या मुलांसाठी उन्हाळा म्हणजे आंबा नव्हता, हंडा आणि टँकरची वाट होती. ‘भरपूर पाणी प्या’ ही सूचना अशा गावात वाचताना कशी वाटत असेल, याचा विचार ती छापणाऱ्यांनी कधी तरी करावा. इथल्या माळवदाच्या घरांचं छत जाड मातीचं असे, त्यामुळे दुपारचं ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होई. आज त्याच गावांत पत्र्याची घरं झाली आहेत. ती बांधायला स्वस्त आणि सोपी आहेत, पण मे महिन्यात राहायला कठीण.

कोकणात खिडक्या उघड्या ठेवायच्या, वारा घरातून आरपार गेला पाहिजे. कौलारू छप्पर, पडवी, भोवती माड-पोफळी. अंगावर सैल सुती कपडे. इथे विदर्भासारखं डोकं-तोंड घट्ट गुंडाळून बसलं तर जीव घुसमटेल. कोकम सरबत, सोलकढी, शहाळं, ताडगोळे. इथे मार्चही सोपा नसतो. पूर्वेकडून वारे येऊ लागले आणि दुपारचा समुद्रावरचा वारा उशिरा सुटला की मुंबई-ठाणे-रायगडचा पारा मे महिन्यापेक्षाही वर जातो. आणि कोकण म्हणजे पाणीच पाणी, असं घाटावर बसून समजू नका. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा-जव्हारला पावसाळ्यात धो धो कोसळतं आणि उन्हाळ्यात तिथेच बायका-मुली विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने पाणी भरतात.

आणि हे फक्त विभागांपुरतं नाही. एकाच जिल्ह्यात दोन उन्हाळे असतात. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे आणि माण तालुकाही आहे. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी आहे आणि मालेगावही आहे. अमरावतीत चिखलदरा आहे आणि खाली तापलेलं सपाट मैदानही आहे. मग ‘उन्हाळ्यात काय काळजी घ्याल?’ या प्रश्नाचं एकच आदर्श उत्तर कसं असेल? ‘खिडक्या बंद ठेवा’ हे नागपुरात बरोबर आणि रत्नागिरीत चूक. परीक्षेत दोन्ही मुलांना गुण मिळाले पाहिजेत.

नुसता आकडा पाहू नका

टीव्हीवर रोज ‘आज सर्वात जास्त तापमान अमुक ठिकाणी’ अशी पट्टी फिरते. त्यामुळे मुलांची आणि आपलीही अशी समजूत होते की जिथे ४५ तिथे धोका, जिथे ३७ तिथे मजा.

हवामान खातं तसं मानत नाही. उष्णतेची लाट जाहीर करताना मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ अंश आणि डोंगराळ भागात ३० अंश हा उंबरठा धरला जातो. त्यासोबत ते तापमान तिथल्या नेहमीच्या तापमानापेक्षा साधारण ४.५ अंशांनी जास्त आहे का, हे पाहिलं जातं. पारा ४५ ला पोहोचला तर मग थेट लाटच धरतात. म्हणजे सरकारी निकषातच हे मान्य आहे की माणूस जिथे राहतो तिथल्या सवयीवर धोका ठरतो.

याचं आपल्या जवळचं आणि दुःखद उदाहरण म्हणजे १६ एप्रिल २०२३. नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात उघड्या मैदानावर झाला. लाखो लोक तासन् तास बसून होते. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. पारा चाळिशीच्या आतच होता. चंद्रपूरकराला तो आकडा ऐकून विशेष वाटलं नसतं. पण दमट हवा, डोक्यावर सावली नाही, गर्दी आणि बराच वेळ एका जागी बसणं, या चार गोष्टी एकत्र आल्या.

दूरचं उदाहरण फ्रान्सचं. ऑगस्ट २००३ मध्ये तिथे उष्णतेची लाट आली आणि सुमारे १५ हजार माणसं गेली, बहुतेक वयोवृद्ध. आपल्या परभणीत मे महिन्यात जेवढं असतं तेवढंच, काही दिवस तर त्याहून कमीच तापमान तिथे होतं. पण तिथली घरं थंडीसाठी बांधलेली, शरीरं थंडीला सरावलेली, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे लक्ष द्यायला कुणी नाही.

म्हणून माझी शिक्षकांना विनंती, ‘आपल्याकडे कुठे एवढं ऊन असतं’ हे वाक्य कोकणात आणि घाटावर कृपया वापरू नका. आणि ‘आपल्याला सवय आहे’ हे वाक्य विदर्भात वापरू नका. सवयीलाही मर्यादा असते आणि सहा वर्षांच्या मुलाला ती सवय अजून लागायची असते.

शाळेची वेळ कोण ठरवतं?

आता जरा अवघड विषय. २०२५ मध्ये राज्यातल्या शाळा उन्हामुळे सकाळच्या सत्रात भरवण्यासाठी सगळीकडे एकच वेळ आली, प्राथमिकसाठी सकाळी ७ ते ११.१५ आणि माध्यमिकसाठी ७ ते ११.४५. त्याच वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षांचं वेळापत्रकही राज्यभर एकच आलं आणि परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या. यामागचा विचार मला समजतो. परीक्षा लवकर झाली की मुलं शाळेत येत नाहीत, एप्रिल वाया जातो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे. तक्रार दिवसांच्या संख्येबद्दल नाही. ते दिवस भरायलाच हवेत.

तक्रार अशी आहे की, तेच दिवस सगळ्यांनी त्याच तारखांना का भरायचे? जून महिन्यात आपण हा फरक मान्य करतो. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा उघडतात, कारण तिथे तेव्हा पाऊस पोहोचलेला नसतो आणि ऊन तसंच असतं. जूनमध्ये विदर्भ वेगळा आणि एप्रिलमध्ये मात्र सगळा महाराष्ट्र एक, हे कसं?

जिल्ह्याला दिवसांचा आकडा द्यावा आणि ते कधी भरायचे ते जिल्ह्याने ठरवावं. विदर्भ-खानदेशने एप्रिलमधले काही दिवस दिवाळीच्या किंवा थंडीच्या दिवसांत भरून काढावेत. कोकणात जुलैच्या अतिवृष्टीत शाळा बंद ठेवाव्या लागतात, त्यांनी ते एप्रिलमध्ये भरावेत. आकडा तोच राहील, मुलंही शिकतील.

वेळेबद्दलही एक साधी गोष्ट सुटते. आपण शाळा सुटण्याची वेळ पाहतो, मूल घरी पोहोचण्याची वेळ पाहत नाही. पावणेबाराला सुटलेलं पाड्यावरचं मूल दोन-तीन किलोमीटर चालत साडेबाराला घरी पोहोचतं. म्हणजे शाळा उन्हाच्या आधी सुटते आणि मूल बरोबर उन्हात चालतं. पायात रबरी चप्पल, डोक्यावर काही नाही, पाठीवर दप्तर. गावात राहणाऱ्या मुलासाठी ११.४५ ठीक असेल, लांबून येणाऱ्यासाठी नाही. हा निर्णय मुंबई-पुण्याहून कसा घेता येईल? तो त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीलाच घेता येईल.

याच काळात पहाटे मुलं काय करतात तेही पाहा. गडचिरोली-गोंदियाकडे मार्च-एप्रिलमध्ये घरचे सगळे मोहफुलं वेचायला जातात, त्यानंतर तेंदूपत्ता सुरू होतो. मूल पहाटेपासून जंगलात असतं. ऊसतोडीहून परतलेल्या बीडच्या मुलाला तर आत्ता कुठे आपला वर्ग परत मिळालेला असतो. सकाळी सातची घंटा या मुलांसाठी काय आहे, हे हजेरीपत्रकावर दिसतं, पण त्याचं कारण तिथे लिहायला रकाना नसतो.

शाळेत लगेच करता येण्यासारखं

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. उद्या सकाळी काय करता येईल ते पाहू.

१. पाण्याची घंटा. केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये ही साधी युक्ती गाजवली. ठरलेल्या वेळी घंटा वाजते आणि सगळी मुलं एकदम पाणी पितात. खेळाच्या नादात मुलं पाणी विसरतात, आणि स्वच्छतागृह खराब असेल तर मुली मुद्दाम पाणी टाळतात. हे दुसरं कारण जास्त गंभीर आहे. घंटा वाजवण्याआधी शाळेतलं स्वच्छतागृह एकदा स्वतः पाहून या.

२. पत्रा पांढरा करा. अहमदाबादला मे २०१० मध्ये भीषण लाट आली, त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी स्वतःचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरं पांढऱ्या चुन्याने रंगवून घेतली. पांढरं छप्पर ऊन परतवतं, वर्ग काही अंशांनी उतरतो. चुन्याचा खर्च गॅदरिंगच्या मंडपापेक्षा कमी येतो. पालकहो, ग्रामपंचायतीकडे पहिली मागणी हीच करा. वर्ग खरंच भट्टीसारखा झाला तर मुलांना झाडाखाली घेऊन बसा. आपल्या कित्येक शाळांचा पहिला वर्ग झाडाखालीच भरला होता.

३. परिपाठ सावलीत आणि थोडक्यात. एप्रिलमध्ये कवायत आणि लांबलचक सूचना मैदानावर नकोत. पाहुण्यांच्या स्वागतासाठी मुलांना उन्हात रांगेत उभं करणं तर बंदच करा. पाहुणे समजून घेतील, आणि नाही घेतलं तरी चालेल.

४. उन्हाची लक्षणं मुलांना पाठ करून द्या. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, पायात गोळे, लघवी गडद पिवळी होणं, ही पहिली सूचना. सावलीत बसवा, घोट घोट पाणी द्या. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने, हे प्रमाण फळ्याच्या कोपऱ्यात एप्रिलभर लिहून ठेवा. मूल असंबद्ध बोलू लागलं, अंग चटका बसण्याइतकं तापलं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात. तेव्हा १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, मान-काखा-जांघेत ओली फडकी ठेवा, वारा घाला. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी अजिबात घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

५. कूलरची शिस्त. हे विदर्भ-खानदेशच्या पालकांसाठी. कूलरमध्ये पाणी भरायचं काम घरोघरी मुलांवर पडतं. आधी प्लग काढायचा, मग पाणी भरायचं, आणि लोखंडी कूलरला ओल्या हाताने शिवायचं नाही. दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने लेकरं जातात. ही सूचना उष्माघाताच्या पोस्टरवर कधी दिसत नाही, कारण पोस्टर सगळ्या राज्यासाठी एकच छापलेलं असतं.

मग निबंध कसा घ्यावा?

आता पुन्हा आपल्या मराठीच्या तासाकडे. निबंधाचा विषय बदलायची गरज नाही, फक्त एक शब्द वाढवा, ‘आमच्याकडचा उन्हाळा’. आणि लिहायला बसवण्याआधी मुलांना एक दिवस द्या. घरी, शेजारी विचारून यायला सांगा. प्रश्न साधेच असू द्यात :

– दुपारी बारा ते चार तुमच्या घरातलं प्रत्येक माणूस कुठे असतं?
– घरात सर्वात गार जागा कोणती? ती कुणाला मिळते?
– पाणी कुठून येतं, कोण आणतं, दिवसाला किती हंडे लागतात?
– आजी-आजोबा लहान असताना घराचं छप्पर कशाचं होतं? तेव्हा दुपारी कुठे झोपायचे?
– उन्हाळ्यासाठी तुमच्या घरात कोणते खास शब्द आहेत?
– उन्हातही कुणाला काम करावंच लागतं? ते माणूस काय काळजी घेतं?

हे प्रश्न विचारले की गाईड बंद होतं. सुरुवात कशी करायची ते मुलांना अडतं, म्हणून दोन-तीन नमुने मी देतो. फळ्यावर लिहा, वाचून दाखवा आणि पुसून टाका, नाहीतर तेच उतरवून घेतील.

विदर्भातल्या मुलासाठी : “आमच्या घरी एकच कूलर आहे. त्याच्यासमोर दुपारी बाळ आणि आजी झोपतात. मी आणि दादा दाराजवळ झोपतो. आई चुलीजवळ असते, तिच्यापर्यंत कूलरचा वारा जात नाही.”

कोकणातल्या मुलीसाठी : “आमच्याकडे सूर्य आग ओकत नाही. आमच्याकडे सकाळी आंघोळ केली तरी शाळेत पोहोचेपर्यंत पाठ भिजते. बाबा आंब्याच्या पेट्या भरतात तेव्हा त्यांच्या नाकाच्या टोकावरून घाम टपटप पडतो.”

मराठवाड्यातल्या मुलासाठी : “टँकर कधी येईल ते कुणाला माहीत नसतं. म्हणून आम्ही हंडे रांगेत लावून ठेवतो आणि सावलीत बसतो. हंडा उन्हात असतो, तो हलवला तर नंबर जातो.”

यात एकही अलंकार नाही, पण मूल काय पाहतं ते आहे. असा निबंध आला तर शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने गोल करण्याआधी एकदा पूर्ण वाचा. कूलरचा वारा आईपर्यंत जात नाही, हे ज्या मुलाने लिहिलं, त्याने निबंधाबरोबर आणखीही काही शिकलंय.

जमलं तर पुढची पायरी. तुमच्या ओळखीचे शिक्षक दुसऱ्या विभागात असतीलच. दहा निबंध त्यांच्या शाळेला पाठवा, दहा त्यांच्याकडून मागवा आणि वर्गात वाचा. भंडाऱ्याच्या मुलाला कळू द्या की देवगडचं मूल खिडकी उघडतं आणि आपण बंद करतो, आणि दोघंही बरोबर आहेत. त्यावर मुलं जे प्रश्न विचारतील त्यांत भूगोल आणि विज्ञान दोन्ही येऊन जाईल. अभ्यासक्रम बुडतोय अशी भीती नको.

पालकांसाठी एक शेवटचं

पालकहो, मूल सुट्टीत मामाच्या गावी जाणार असेल तर ते गाव कोणत्या उन्हाळ्यातलं आहे हे पाहून त्याला पाठवा. पुण्या-मुंबईचं मूल मे महिन्यात वर्ध्याला गेलं तर पहिले आठ दिवस त्याचं शरीर तिथल्या उन्हाला सरावलेलं नसतं. तिथली भावंडं दुपारी चारला बाहेर पडली तरी याला पहिले काही दिवस घरात ठेवा, डोक्याला बांधायची सवय लावा. आणि वर्ध्याचं मूल अलिबागला आलं तर ‘आम्ही तर पंचेचाळीस सोसतो’ म्हणून त्याला दुपारी वाळूत खेळू देऊ नका. पाहुण्या मुलाला तिथलं ऊन माहीत नसतं.

आणि निबंधाची वही घरी आली की एकदा उघडून पाहा. त्यात तुमच्या घरातला उन्हाळा दिसतोय का, की गाईडमधला? गाईडमधला दिसला तर रागावू नका. त्याच्यासोबत दुपारी घरातल्या सर्वात गार जागी बसा आणि वरचे सहा प्रश्न एकेक करून विचारा. ‘घरातली गार जागा कुणाला मिळते?’ या प्रश्नाचं उत्तर देताना तुम्हालाही थोडा विचार करावा लागेल.